बावीस टक्क्यांत किती पानं?

हे पान तुम्ही कागदावर वाचत असाल तर उत्तम. ई-पेपरवर वाचत असाल तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघा. किती टक्के उरलेत? साठ-सत्तर असतील तर तुमच्या डोक्यात तो विचारही आला नसेल. पंधरा असतील आणि बाजूला चार्जर असेल, तरीही नसेल. पण पंधरा आहेत, लाइन कालपासून नाही आणि परवा पेपर आहे, अशी अवस्था असेल तर तुम्ही हा लेख वाचतच नसाल. तुम्ही नोट्स वाचत असाल आणि दर दोन मिनिटांनी त्या आकड्याकडे बघत असाल.

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी चंद्रपूरच्या हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत बी.ए. करणारी एक मुलगी होती. गाव भामरागड तालुक्यातलं. घरी माडिया बोलतात, मराठी ती शाळेत शिकली, आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. उन्हाळी परीक्षेत शेवटच्या दोन पेपरांच्या मध्ये आठ दिवसांची गॅप मिळाली तशी ती आलापल्लीमार्गे गावी गेली. तेंदूपत्त्याचा सीझन होता. त्या दिवसांत घरात एक जोडी हात वाढले तर वर्षाचा हिशेब बदलतो, हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. नोट्स सगळ्या फोनमध्ये. पहाटे पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, रात्री वाचायचं, असा तिचा प्लॅन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं आणि लाइन गेली. फोनवर साठ टक्के होते. दिवसभर जंगलात फिरून थकलेली पोरगी फोन उशाशी ठेवून झोपली. सकाळी उठून बघते तर बावीस.

“हात पण नाही लावला वं मी त्याला,” परत आल्यावर ती मला सांगत होती. “कोणी वापरलं मग? भुतानं?”

त्या भुताचा पत्ता मला आता माहीत आहे, तो पुढे सांगते. त्याआधी एक हिशेब करू, कारण तो केल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरून ऊर्जानगरच्या चिमण्या दिसतात. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, क्षमता २,९२० मेगावॅट, महानिर्मितीचं राज्यातलं सगळ्यात मोठं. कोळसा आपल्या जमिनीतला, पाणी इरई धरणाचं, राख आणि धूर आपल्या वाट्याला. हे सगळं आपण शाळेपासून ऐकतोय. आता फोनकडे या. साधारण ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमध्ये, तारेत थोडी वाया जाते ती धरली, तरी विजेच्या एका युनिटमध्ये चाळीसेक फोन आरामात फुल्ल होतात. आणि ते वीज केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर एका सेकंदात ८११ युनिट तयार करतं. म्हणजे एक सेकंद, ३२ हजार फोन. मी “एक सेकंद” असं म्हणेपर्यंत एका मोठ्या तालुक्यातल्या सगळ्या पोरापोरींचे फोन भरले असते.

आणि त्याच विजेच्या तारा गडचिरोलीच्या जंगलात शिरल्या की एका फांदीने तुटतात. यात कुणाला शिव्या घालून उपयोग नाही. १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा, त्यातला बहुतेक भाग जंगल. मैलोनमैल झाडांच्या मधून गेलेली लाइन वादळात तुटणारच, आणि ती शोधून जोडायला माणूस पायी जाणार. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षं तिथे वीजच नव्हती. आज आहे. प्रश्न आता वेगळा आहे: वीज येते, जाते, आणि आपला अभ्यास मधल्या काळात त्या टक्क्यांवर चालतो.

तुम्ही म्हणाल, मग पुस्तक घ्या ना हातात! खरंय. घरातले मोठे पण हेच म्हणतात, “फोनवर कसला अभ्यास?” पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपले वर्ग मोबाइलवर गेले. वर्ग परत आले, नोट्स मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच राहिल्या. सर वर्गात शिकवतात आणि शेवटी म्हणतात, “पीडीएफ टाकून देतो.” एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती, सगळ्यांचं मटेरियल टेलिग्रामवर. पाठ्यपुस्तक विकत घ्यायचं तर तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही, आणि दोनशे पानांची झेरॉक्स काढायची तर दोन दिवसांचा मेसचा डबा त्यात जातो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कागदावर वाचतो, ज्याच्याकडे नाहीत तो स्क्रीनवर. शहरात बॅटरी म्हणजे सोय. आपल्याकडे ती लायब्ररी उघडी राहण्याची वेळ आहे.

म्हणून “बॅटरी वाचवण्याच्या दहा टिप्स” छापाचे व्हिडिओ बघते तेव्हा मला वैताग येतो. ते लोक कुठे राहतात? बहुतेक सगळ्यांची पहिली टिप असते: डार्क मोड लावा. अरे, पण फोन कोणता? डार्क मोडचा फायदा ओएलईडी म्हणजे अमोलेड स्क्रीनवरच होतो, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. साध्या एलसीडी स्क्रीनच्या मागे एक दिवा सतत पेटलेला असतो. पान काळं करा नाहीतर पांढरं, दिवा तेवढाच जळतो. म्हणजे खिडकीला पडदा लावला म्हणून बल्बचं बिल कमी व्हावं, तसलं हे. स्वस्तातल्या बऱ्याच फोनना एलसीडीच असते. तुमचा कोणता ते बघायचं असेल तर रात्री दिवे बंद करून एक पूर्ण काळा फोटो फुल स्क्रीन उघडा. स्क्रीन राखाडी चमकत असेल तर एलसीडी.

बरं, अमोलेडवर तरी किती फायदा? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये हे मोजलं. ब्राइटनेस शंभर टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचते. पण ब्राइटनेस ३० ते ५० टक्क्यांवर असेल, जसं आपण घरात ठेवतो, तर फक्त ३ ते ९ टक्के. आता बोला! म्हणजे खरी गोष्ट ब्राइटनेसची आहे, रंगाची नाही. उन्हात अंगणात बसून वाचलं की फोन आपोआप ब्राइटनेस वर नेतो. सावलीत बसा, पाठ उजेडाकडे करा, ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी हाताने खाली ओढा, अक्षरं दिसतील तेवढीच ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर ब्राइटनेस वाढवू नका, अक्षर मोठं करा. फोनला ९० किंवा १२० हर्ट्झचा रिफ्रेश रेट असेल तर ६० वर आणा. स्थिर पानाला सेकंदात १२० वेळा रंगवण्यात काय हशील? आणि ते अ‍ॅप वर सरकवून “किल” करायचं व्यसन सोडा. २०१६ मध्ये अ‍ॅपल आणि अँड्रॉइड दोन्हीकडच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं होतं की याने बॅटरी वाचत नाही. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायलाच उलट जास्त लागतं. तरी आपला अंगठा चालूच असतो.

आता भूत.

फोन हा मुळात रेडिओ आहे. नुसता ऐकणारा नाही, बोलणारा. टॉवर जवळ असला की तो कुजबुजतो, टॉवर लांब गेला की ओरडतो. फोरजी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटपर्यंत ओरडू शकतो, आणि तेवढं बाहेर टाकायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ओढावं लागतं. टॉवरच्या बुडाशी बसलेल्या फोनला त्याचा हजारावा हिस्साही पुरतो. त्यातून रेंज पूर्ण गेली तर फोन गप्प बसत नाही, तो शोधायला लागतो. या बँडवर आहे का, त्या बँडवर आहे का, फोरजी नाही तर टूजी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर. अंधारात हरवलेली बकरी शोधत फिरणाऱ्या माणसासारखा. फोनमध्ये दोन सिम असतील तर शोधणारेही दोन. आणि आपल्या कितीतरी गावांत एकाच सिमला रेंज असते. दुसरं केवळ रिचार्ज आहे म्हणून आत बसलेलं असतं आणि बॅटरी खात असतं.

त्या रात्री वादळात लाइनबरोबर टॉवरही गेला होता. माझ्या मैत्रिणीचा फोन उशाशी पडून रात्रभर टॉवर शोधत होता. अडतीस टक्के त्यात गेले.

नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टूजी टॉवर फोरजी करायला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि आपल्या भागात टॉवर वाढतायत हे खरं. पण टॉवरलाही वीज लागते. तोवर आपल्या हातात असलेलं बटण एकच: विमानाचं चित्र असलेलं. गंमत बघा, आपल्यातल्या बहुतेकांनी विमान जवळून पाहिलेलं नाही, पण एअरप्लेन मोडची गरज मुंबईकरापेक्षा आपल्याला जास्त आहे. वाचायला बसलात, ऑन. झोपायला चाललात, ऑन. ते नको असेल तर निदान रेंज नसलेलं सिम सेटिंगमधून बंद करा, आणि गावात फाइव्हजी नसेल तर नेटवर्क फोरजीवर ठेवा, म्हणजे नसलेल्या गोष्टीचा शोध थांबेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. आज रात्री किती टक्के आहेत ते लिहून ठेवा, फोन नेहमीसारखा ठेवून झोपा, सकाळी बघा. उद्या तेच एअरप्लेन मोडवर. गावी असाल तर फरक बघून तुम्ही मला शिव्या घालाल, की हे आधी का नाही सांगितलं.

एक अडचण मात्र खरी आहे. आईने फोन लावला आणि लागला नाही तर? हॉस्टेलला असलेल्या मुलीचा फोन दोन तास बंद लागला की गावात काय होतं हे मुलींना विचारा. मी घरी वेळ ठरवून टाकली आहे, संध्याकाळी सात ते साडेसात चालू. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली. घरात कुणी आजारी असेल, कुणाचे दिवस भरत आले असतील, तर हा प्रयोग करू नका. रेंजवालं एक सिम चालू ठेवा आणि बाकीचं बंद. अभ्यास नंतर होईल.

तर बावीस टक्के. नवी बॅटरी धरली तर तेवढ्यात चार वॉट-तासांच्या थोडी वर ऊर्जा उरते. नऊ वॉटचा एलईडी बल्ब त्यावर अर्धा तासही जळणार नाही. पण फोन ब्राइटनेस खाली आणून, नेटवर्क बंद ठेवून, नुसतं वाचायला वापरला तर साधारण एका वॉटच्या आसपास खातो. म्हणजे चार तास. फुल्ल ब्राइटनेस, डेटा चालू, मधूनच स्टेटस बघणं असं केलं तर त्याच्या निम्मेही नाही. माझ्या मैत्रिणीला यातलं गणित माहीत नव्हतं, पण तिने जे केलं ते मला अजून आवडतं. फोन एअरप्लेनवर टाकला. वही घेतली. एक पान वाचायचं, स्क्रीन बंद करायची, आठवेल ते वहीत लिहायचं, मग पुढचं पान. स्क्रीन जेवढा वेळ बंद तेवढी फुकट. दोन दिवसांत एक अख्खं युनिट आणि दुसरं अर्धं, असं करून तिने अडतीस पानं काढली. ती पानं तिला आजही पाठ आहेत, मला माझी कधीच विसरायला झालीत.

दुसरं युनिट अर्धंच का, तर त्याची फाइल उघडलीच नाही. पहिलं युनिट शिकवणाऱ्यांनी टाइप करून पाठवलं होतं. दुसऱ्यात पुढची पानं म्हणजे कुणाच्या तरी जुन्या वहीचे मोबाइलने काढलेले फोटो, ऐंशी एमबीचा गठ्ठा, आणि तोही फाइल म्हणून नाही, लिंक म्हणून. हॉस्टेलला वाय-फाय होतं तेव्हा ती लिंक दाबली की पानं दिसायची. त्यामुळे तिला वाटलं, फोनमध्ये आहेत. गावी गेल्यावर कळलं, नाहीत. नेमका त्यातलाच मोठा प्रश्न पेपरात आला. पेपर निघाला तिचा, पण फर्स्ट क्लास थोडक्यात गेला.

इथे मला जरा भांडायचं आहे, आणि फोनशी नाही. बॅटरी वाचवा, बॅटरी वाचवा, हे सगळं विद्यार्थ्यालाच का सांगायचं? नोट्स बनवणाऱ्याचं काही नाही का? मराठीतलं तीनशे शब्दांचं एक पान युनिकोडमध्ये टाइप केलं तर साधारण सहा केबी होतं. त्याच पानाचा फोटो दीड-दोन एमबी. तीनशे पटीने जड! हा जडपणा डाउनलोडला एकदा भरावा लागतो आणि वाचताना परत परत. फोटोचं पान उघडलं की फोनला ते पूर्ण चित्र उलगडावं लागतं. अक्षर बारीक म्हणून आपण झूम करतो, फोन पुन्हा रंगवतो. ओळ स्क्रीनबाहेर जाते म्हणून डावीकडून उजवीकडे ओढतो, पुन्हा रंगवतो. अक्षर मोठं करता येत नाही, पान काळं करता येत नाही, शब्द शोधता येत नाही. आणि वर कॅमेऱ्याची सावली पडलेली. टाइप केलेला मजकूर मात्र रुंदीत आपोआप बसतो, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि प्रोसेसर एका पानापुरतं काम करून झोपी जातो.

“टाइप करायला वेळ कुणाला आहे?” हा प्रश्न मी एका सरांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यांच्यावर किती वर्गांचा भार आहे तेही मी पाहिलं आहे. पण मराठीत बोलून टाइप करायची सोय गुगलने २०१७ मध्येच दिली. गुगल लेन्स फोटोतला देवनागरी मजकूर उचलून देतं. चुका होतात, हस्ताक्षरात जास्त होतात, पण छापील पानाचं काम बरंच हलकं होतं. कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या नोट्स असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून मिळतात. आणि हे सरांनीच करावं असं कुठे आहे? पन्नास जणांच्या वर्गात एकाने एक पान टाइप केलं तर पन्नास पानांच्या नोट्स एका रविवारी तयार होतात. एक एमबीसुद्धा होणार नाही. तीनशे केबी. ती फाइल टूजीवर, टेकडीवरच्या त्या एका झाडाखाली उभं राहूनही उतरते. तुमच्या गावातलं ते झाड तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे प्रत्येक गावाला एक रेंजचं झाड असतं.

कॉलेजांकडे माझं मागणं अजून साधं आहे. आपल्या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं, त्याआधी आपली कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आलं, तशा नोट्सही जवळ येऊ द्या. प्रत्येक विभागाने सत्र सुरू होताना टाइप केलेली, लिंक नसलेली, पूर्ण उतरवता येणारी एक फाइल द्यावी. लायब्ररीत इन्व्हर्टरवर चालणारा चार्जिंगचा एक बोर्ड असावा. खुर्च्या कमी असल्या तरी चालेल, पिना आठ हव्यात. गडचिरोली पोलिसांनी दुर्गम भागात “एक गाव, एक वाचनालय” म्हणून वाचनालयं उभी केली आहेत. तिथे पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक सोलर पॅनेल आणि चार्जिंगची पट्टी असली, तर संध्याकाळी त्या खोलीत किती पोरं दिसतील ते बघा.

तोवर जुगाड. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रानडुकरांसाठी शेताला सौर झटका मशीन बसवलंय. त्याची बारा व्होल्टची बॅटरी दिवसा उन्हावर भरते. त्यांचा मुलगा गाडीत लावतात तो मोबाइल चार्जर त्या बॅटरीला जोडतो आणि दुपारी फोन भरून घेतो, संध्याकाळी कुंपण सुरू व्हायच्या आत. हे वाचून कुणी कुंपणाच्या तारेला हात लावू नका, काम बॅटरीवरचं आहे, आणि आधी काकांना विचारा. पॉवर बँक घेणार असाल तर १०,००० एमएएच लिहिलेल्यातून ५,०००चा फोन दोनदा भरत नाही, दीडदा भरतो. बाकीचं व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातं. दुकानदार दोनदा म्हणेल.

उष्णतेवरून आठवलं. लिथियम बॅटरीला भूक चालते, ऊन चालत नाही. अ‍ॅपल आपल्या ग्राहकांना सांगतं, ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन ठेवू नका, बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. ३५! चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा ३५ म्हणजे आपल्याला पहाट वाटते. त्यामुळे आपले फोन लवकर म्हातारे होतात, आणि दोन वर्षांनी तुमच्या शंभर टक्क्यांत पूर्वीचे ऐंशीच उरतात. गाडीच्या टाकीवरच्या बॅगेत, पत्र्याखाली, उशीखाली चार्जिंग करू नका. चार्ज करताना कव्हर काढा. माठाशेजारी, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. (हे आमच्या हॉस्टेलमध्ये एकीने केलेलं आहे. ती मी नव्हे.)

आणि गावी निघायच्या आदल्या दिवशी एक काम करा, जे आता मी सगळ्यांकडून करून घेते. कॉलेजच्या वाय-फायखाली बसून हवं ते सगळं उतरवा, मग फोन एअरप्लेनवर टाका आणि एकेक फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. उघडली तर ती तुमची. नाही उघडली तर ती अजून ढगात आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि स्पर्धा परीक्षेचा पाया तिथेच आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, लागतील त्या नोंदी आधीच साठवून घ्या. किविक्स नावाचं अ‍ॅप मराठी विकिपीडिया अख्खाच्या अख्खा फोनमध्ये आणून ठेवतं, मग नेट लागत नाही. अभ्यासाचा कंटाळा आला तर ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी ई-पुस्तकं आहेत, तीही फुकट. आणि हातांना काम असेल तर स्वतःच्या आवाजात नोट्स रेकॉर्ड करा. पुडे बांधताना स्क्रीन बंद ठेवून ऐकायला फोन फारच थोडं खातो. आपलाच आवाज ऐकून सुरुवातीला हसू येतं, तेवढं सहन करा.

मैत्रीण आता तलाठी भरतीची तयारी करतेय, गावी राहून. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो, लाइन जाते, कधी कधी टॉवरही. यंदा पाऊस लागायच्या आधी तिने मला यादी पाठवली होती. आम्ही इथे तिघींनी मिळून दोन रविवारांत शहाण्णव पानं टाइप केली, चुकांसकट, आणि साडेपाचशे केबीची फाइल तिला पाठवली. झाडाखालून तिचं “उतरली” आलं. शेवटच्या पानापर्यंत उघडून बघ, मी लिहिलं. “बघितली वं,” म्हणाली.

परवा रात्री मेसेज होता. पाणी चढलंय. लाइन दुपारीच गेली. ७१ टक्के आहेत, फोन बंद करते, पाणी उतरलं की बोलू.